घाटावरचं बोलणं

कांदा काढायला आला आणि त्याच आठवड्यात चांगदेव सुटला.

लंकाबाईला फोन आला तेव्हा ती वाफ्यात बसून कांद्याची पात कापत होती. हाताला माती आणि चीक. तिनं हात पदराला पुसले आणि बांधावरचा मोबाईल उचलला. मुंबईची वकीलबाई बोलत होती. ही सरकारनं फुकट दिलेली वकीलबाई, तरुण आणि घाईनं बोलणारी. "लंकाबाई, निकाल लागला. हायकोर्टानं शिक्षा रद्द केली. निर्दोष सोडलं त्यांना." लंकाबाई नुसतं "हां, हां" म्हणत राहिली. फोन बंद झाल्यावर ती पुन्हा खाली बसली, चार-पाच कांद्यांची पात कापली, आणि मग विळा टाकून त्या ढेकळांतच मोठ्यानं रडायला लागली.

तळेघरकडून कांदे काढायला आलेल्या बायका हातातलं टाकून धावल्या. त्यांची म्होरकी बयाबाई. तिनं लंकाबाईच्या खांद्याला धरून विचारलं, "काय झालं गं? कोन गेलं?"

"कोन न्हाई गेलं," लंकाबाई हुंदक्यातून म्हणाली. "माझं मालक येनार हायती."

दोन वाफे सोडून तिची जाऊ आरती बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं. तिनं मान वर केली नाही. फक्त तिचा विळा जरा जास्त भराभर चालायला लागला, आणि त्या दिवशी तिनं एकटीनं दोघींचं काम केलं.

चांगदेव आरतीचा थोरला दीर. आरतीचा नवरा अमृत याच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली होती, आणि त्याच्याविरुद्धच्या साक्षींत सगळ्यांत वजनदार साक्ष आरतीचीच होती.

ही वस्ती महाळुंगे पडवळच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला. एक घर, एक विहीर, एकच न वाटलेलं वावर. चांगदेव आत गेल्यापासून घरात उरल्या होत्या त्या चौघी: म्हातारी ठमाबाई, तिच्या दोन सुना आणि अमृतची मुलगी तेजस्विनी. लंकाबाईला मूलबाळ नव्हतं. खुन्याची बायको आणि मेलेल्याची विधवा एका छपराखाली कशा नांदतात ते बघायला सुरुवातीला लोक काहीतरी निमित्त काढून यायचे. कुणी विरजण मागायला, कुणी उगीच म्हशीची चौकशी करायला. त्यांची फार निराशा व्हायची. कारण एक जण पाणी धरायला गेली की दुसरीला धारा काढाव्याच लागत, आणि भांडायलाही माणसाला थोडी उसंत लागते. दोघी कामापुरतं बोलायच्या, एका चुलीवर रांधायच्या आणि चांगदेवचं नाव कुणीच काढायचं नाही. नऊ वर्षं अशी गेली.

त्या दिवशी दिवेलागणीला आरतीनं पीठ मळता मळता सासूला सांगितलं. आवाज चढवला नाही.

"आत्याबाई, घर त्यांचं हाय, त्यांनी यावं. मी आडवी येत न्हाई. पर मी अन तेजू पारगावला जानार, माझ्या भावाकडं. कांदा बराखीत पडंस्तवर थांबते. तेवढं काम माझंबी हाय."

ठमाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं जाळ पुढं सारला.

*

अमृत गेला ते पाण्याच्या पाळीवर. शेतीच्या पंपाला वीज रात्रीची यायची. त्या रात्री मोटर चालू करायला जायची पाळी चांगदेवची होती, पण दिवसभर ऊस बांधून त्याचं अंग मोडून आलं होतं. तो अमृतला म्हणाला, तू जा. अमृत म्हणाला, सारखा मीच का जायचा? शब्दानं शब्द वाढला. शेवटी चांगदेव अंगणातून ओरडला, "जातूस का न्हाई? जा, मर तिकडं!" हे तीन घरांनी ऐकलं. अमृत गेला. सकाळी तो विहिरीत सापडला, डोक्याला खोक पडलेली.

गावातल्या भावाभावांत "मर तिकडं" रोज होतं आणि संध्याकाळी दोघं एका ताटात जेवतात. पण ज्या दिवशी खरोखर मरण येतं त्या दिवशी तो शब्द जड होतो.

दहाव्याला नदीच्या घाटावर पाचशे माणूस. प्रवचन झालं. मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. त्यातल्या निम्म्यांना अमृतचं नाव शेजारच्याला विचारून घ्यावं लागलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा कुठं पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. समोरच्या करंजावर चार-पाच कावळे बसलेले, एकही खाली उतरेना. अमृतच्या मामानं सांगितलं, पोरीला शिकवू. सोसायटीच्या चेअरमननं सांगितलं, विहिरीला कठडा बांधू. कावळा हलला नाही. मग आरतीला पुढं आणलं. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. हात जोडून सगळ्यांदेखत ती म्हणाली, "मी दुसरं लगीन करनार न्हाई. तुमच्या आईला टाकनार न्हाई. घ्या आता." कावळा आला नाही.

तेव्हा चांगदेव गर्दीतून धडपडत पुढं गेला आणि पिंडापुढं पालथा पडला. "अमृता, मीच मारला रं तुला! माझ्यामुळं गेलास. माझ्या हातानं मी तुला मारला. मला माफ कर, बाबा!"

आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग त्याच श्वासात कुजबुज सुरू झाली. दुपारपर्यंत पोलीस पाटलानं ते शब्द वर कळवले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं लिहून दिलं होतंच, की डोक्यातली जखम बोथट हत्याराची आहे आणि पाण्यात पडण्याआधीची आहे. संध्याकाळी चांगदेवला नेला. तीन दिवस त्याच्या तळपायांवर पट्टा चालला. चौथ्या दिवशी त्यानं पंचांसमोर गोठ्यातली पहार काढून दिली. गोठ्यात एवढी एकच पहार होती, ती दाखवायला खुनी असण्याची गरज नव्हती. प्रयोगशाळेनं सांगितलं, पहारीवर माणसाचं रक्त आहे.

कोर्टात आरती जे घडलं तेच बोलली. एक शब्द पदरचा घातला नाही. "मी बोलले तवा कावळा शिवला न्हाई. दादा बोलले तवा शिवला."

*

लंकाबाई येरवड्याला जाऊन त्याला घेऊन आली. फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा दुपार होती. चहाच्या टपरीवर चार माणसं बसली होती, चौघांच्या हातात काचेचे ग्लास. टपरीवाल्यानं चांगदेवला ओळखलं, "या पावनं" म्हणाला आणि त्याला चहा कागदी कपात दिला. लंकाबाईच्या ते लक्षात आलं. चांगदेवच्याही आलं.

"चहा चांगला हाय," तो म्हणाला आणि कप सांभाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तो गेला तेव्हा काळा, लाकडासारखा टणक गडी होता. आला तो पांढुरका, सुजरा, केस विरळ झालेला. चालताना पाय सपाट टेकत नव्हता; बाहेरच्या कडेवर तोल घेऊन चालायचा. दारात ठमाबाई उभी होती. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, कानामागं, हनुवटीला, जशी ती लहानपणी आंघोळीनंतर बघायची. तिच्या तोंडून नुसतं "आलास का, आलास का" एवढंच निघत होतं. ती आत वळली तरी तो उंबऱ्याशीच थांबला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दारामागं आरती आहे हे त्याला न सांगताच कळलं.

"मी वावरातल्या खोपटात ऱ्हातो, आये," तो म्हणाला. "उन्हाळा हाय. बाहीरच बरं वाटंल."

लंकाबाईनं वळकटी काखोटीला मारली आणि त्याच्या मागं निघाली. नवरा सुटून आलेल्या बाईनं पहिल्या दिवशी पुरणाचा घाट घालायचा, तर हिनं खोपट झाडलं आणि तीन दगडांवर भात टाकला. तिला फार वाईट वाटलं, पण ते तिनं बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. कांद्याच्या कामात बसून सरकायचं असतं, आणि त्याचे गुडघे वाकेनात. मग तो पाय लांब करून बसला आणि पात कापू लागला. दोन तासांत बोटांना फोड आले. तुरुंगात तो भटारखान्यात होता. हातानं हजारो पोळ्या लाटल्या होत्या, पण विळ्याची सवय गेली होती. तळेघरच्या बायका त्याच्या बाजूची ओळ सोडून पलीकडं सरकल्या. थोड्या वेळानं आणखी सरकल्या. शेवटी बयाबाई कमरेवर हात देऊन त्याच्यापुढं उभी राहिली. ही बाई तोंडाची फटकळ, पण मनात एक आणि तोंडात एक असं तिचं नव्हतं.

"बाबा, राग धरू नको. तू जरा लांब बस. तुज्या हातात विळा हाय ना, पोरी भेत्यात."

"व्हय," चांगदेव म्हणाला. उठायला त्याला वेळ लागला. विळा तिथंच ठेवून तो गेला आणि कापलेले कांदे पाटीत भरून ढिगावर टाकायचं काम करू लागला. विळा नसलेल्या माणसाला पोरी भ्यायच्या नाहीत, हे खरं ठरलं. दुपारी बयाबाईनं आपल्या फडक्यातली अर्धी नाचणीची भाकर आणि ठेचा त्याच्यापुढं नेऊन ठेवला. "गप खा," म्हणाली. तो गप खाऊ लागला.

आरती पाठ करून बसायची. तो डोक्यावर पाटी घेऊन आला की ती उठून दुसऱ्या वाफ्यात जायची. एकदा दोघं ढिगापाशी एकाच वेळी आले. वाट एकाच माणसाची. चांगदेव भरली पाटी डोक्यावर घेऊन मागं मागं सरकला, त्याचा पाय ढेकळावरून घसरला आणि पाटीसकट तो खाली बसला. कांदे चहूकडं गेले. आरती तशीच उभी राहिली. तिचा हात एकदा पुढं झाला होता, तो तिनं मागं घेतला. ती निघून गेली आणि चांगदेव रांगत एकेक कांदा गोळा करत राहिला.

*

चौथ्या-पाचव्या दिवशी तेजस्विनी त्याच्याकडं पाण्याची कळशी घेऊन आली. आई कांदा साठवायच्या बराखीकडं गेली होती. ही पोर सहा वर्षांची असताना चांगदेवच्या खांद्यावरून उतरायची नाही. आता दहावीची परीक्षा दिली होती. दोन वेण्या, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे दिसत होते. त्यानं ओंजळीनं पाणी पिऊन घेतलं. ती कळशी घेऊन जाईना.

"नाना, एक विचारू?"

"इचार."

"तुमी मारलं का माझ्या पप्पाला?"

नऊ वर्षांत पोलिसांनी, वकिलांनी, न्यायाधीशांनी हा प्रश्न विचारला होता. घरातल्या कुणी विचारला नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "मी विहिरीकडं फिरकलोच न्हाई त्या राती. मी झोपलो व्हतो."

"मंग घाटावर तसं का म्हनला?"

"पाळी माझी व्हती, तेजू. मी त्याला पाठवला. वर मर म्हनलो. मारला म्हंजी आनखी काय असतं?" त्यानं ओला हात तोंडावरून फिरवला. "तवा तसंच वाटत व्हतं. आत्ताबी वाटतंय."

मग तोच पुढं बोलायला लागला. इतकं तो सुटून आल्यावर कुणाशी बोलला नव्हता.

"लोक म्हनत्यात, कावळा शिवला म्हंजी गुन्हा पटला. म्हनू दे. मला ठावं हाय कावळा कशापायी शिवला. मी माफी मागितली, त्यानं दिली. माझा भाऊ व्हता त्यो. रागात गेला व्हता, अन माझं ऐकून त्याचा राग उतरला. पोरी, आत लई वंगाळ दिवस काढलं. दोनदा वाटलं, फास घ्यावा. तवा ह्येच डोळ्यापुढं आनायचो. त्यानं ऐकलंय माझं. आता मला कुनी काय बी म्हनू दे."

"मी आईला सांगू हे?"

"नको," तो म्हणाला. "तिला तिचं दुखनं हाय."

पण तेजस्विनीनं सांगितलंच. त्याच संध्याकाळी दोघी जावा बराखीत कांदा रचत होत्या. तट्ट्यांच्या भिंती, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, आत गुदमरायला होत होतं. लंकाबाई पाटी द्यायची, आरती थर लावायची. तेजस्विनी दारात उभी राहून बोलली आणि निघून गेली. मग लंकाबाईनं पाटी खाली ठेवली.

"आरते, आज आयकून घे. पुन्ना म्हननार न्हाई. ती पहार अन अमृतचं कपडं पोलिसांनी एकाच पोत्यात घातलं व्हतं. कपडं ओलं, रगताचं. पहारीला रगत लागनार न्हाई तर काय व्हईल? हायकोर्टाला ते दिसलं. अन त्यो डाक्टर, त्यो आपल्या विहिरीवर कंदी आलाच न्हाई. आत दगडाचा टप्पा हाय, मानूस वरून पडला की डोकं पयलं टप्प्यावर बसतं, हे त्याला म्हाईतच न्हवतं. वकीलबाईनं विचारल्यालं समदं निकालात हाय."

"कोर्टाला कागद दिसत्यात, आक्का."

"मंग तुला काय दिसतंय?"

आरती थर लावता लावता थांबली. तिच्या कपाळावरून घामाची धार डोळ्यात गेली आणि ती तिनं मनगटानं पुसली.

"मी तिशीच्या आत व्हते," ती म्हणाली. "पाचशे मानसांत उभी ऱ्हाऊन म्हनले, दुसरं लगीन करनार न्हाई. त्यांनी मान फिरवली. माझा जनम त्यांना पुरला न्हाई. अन दादांच्या दोन शब्दांला आले. का आले? खरं बोलले म्हनून आले. न्हाईतर त्याचा अरथ काय लावू मी? नवऱ्याला माझ्यापरीस भाऊ जवळचा व्हता, असा लावू?"

नऊ वर्षं शेजारी झोपलेल्या या बाईच्या पोटात काय आहे ते लंकाबाईला आज पहिल्यांदा कळलं, आणि नवऱ्याच्या बाजूनं भांडायला आलेली ती जावेसाठीच कळवळली. तिनं पाटी उचलून पुढं केली. दोघींनी अंधार पडेपर्यंत कांदा रचला. बराखीच्या बाहेर, तट्ट्याला टेकून ठमाबाई बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्या रात्री म्हातारी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नुसता चहा घेतला. सुनांना वाटलं, ऊन लागलं असेल.

*

कांदा बराखीत पडला. तळेघरच्या बायका त्यांच्या जीपनं गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीचा भाऊ पारगावहून पिकअप घेऊन आला. त्यानं चहा घेतला नाही. आरतीची पत्र्याची पेटी, शिलाई मशीन, तेजस्विनीची पुस्तकं असं एकेक सामान चढायला लागलं. तेजस्विनी अंगणात एका जागी उभी राहून मुकाट रडत होती. लंकाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत होती आणि तिलाही रडू आवरत नव्हतं.

तेवढ्यात चांगदेव वावरातून आला. येरवड्याहून आणलेली कापडी पिशवी त्याच्या खांद्याला होती.

"सामान उतरवा," तो आरतीच्या भावाला म्हणाला. आरतीकडं त्यानं पाहिलं नाही. "मीच जातो. आळंदीला पडून ऱ्हाईन कुटं बी. पोरीला घर सोडाया लावू नका."

"आता कशाला नाटकं?" भाऊ म्हणाला. "बसा तुमी तुमच्या घरात."

"कुनी जाऊ नका."

ओट्यावरून ठमाबाई बोलली होती. खांबाला धरून ती उठली, दोन पायऱ्या उतरली आणि दम लागून पायरीवरच बसली. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"कावळा त्याच्या बोलन्यावर आला न्हाई," ती म्हणाली. "म्या आनला."

"आये, आत चल, ऊन लागलंय तुला," चांगदेव म्हणाला.

"ऊन न्हाई लागलं मला. आयका." तिनं पायरीला हात टेकला. "आपलं घर माळकऱ्यांचं. तुमचा बाप जिता व्हता तवर मासळीचं नाव काडायची सोय न्हवती. पर अमृतला बोंबील लई आवडायचा. ल्हानपनापास्नं. गोठ्यात निखाऱ्यावर भाजून मी त्याला द्यायची, चोरून. लगीन झाल्यावरबी द्यायची. दहाव्याला मी एक बोंबील भाजून पदराच्या गाठीत बांधून नेला व्हता. म्हनलं, समद्यांनी आपापलं ठेवलं, माझ्या लेकराला त्याचं आवडीचं मिळंल का न्हाई? पर पिंडापाशी मासळी कोन ठेवू देतंय? उन्हात समदी ताटकळलेली. आरती बोलली तरी कावळा येईना. मंग चांगदेव जाऊन पालथा पडला. समद्यांचं ध्यान त्याच्याकडं. म्या गाठ सोडली अन बोंबील पिंडामागं टाकला."

लंकाबाईचा हात तेजस्विनीच्या डोक्यावरून खाली आला.

"मंग नऊ वर्षं गप का बसलीस?" लंकाबाई ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूवर ओरडली. "माझा नवरा सडत व्हता तिकडं!"

"काय सांगू? पिंड बाटवला म्हनून सांगू?" म्हातारी म्हणाली. "पयल्यांदी वाटलं, कोर्ट कावळ्याचं थोडंच आयकतंय, सुटंल. मंग शिक्षा झाली. तवा भ्या वाटलं. मी बोलले, अन कावळा नुसता मासळीला आला असं ठरलं, तर माझा अमृत अजून तितंच, त्या करंजाखाली. त्याला गती न्हाई. मी तोंड उघडून त्याला परत तितं उभा करू? एक आत व्हता पर जिता व्हता. दुसऱ्याला माझ्याबिगर कोन व्हतं?" ती आरतीकडं वळली. "तू म्हनलीस, माझा जनम त्याला पुरला न्हाई. ते आयकलं अन माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. बाये, त्यानं तुझ्याकडं मान फिरवली न्हाई. तुझ्या टायमाला बोंबील माझ्या गाठीत व्हता."

आरतीचा भाऊ हसला. "म्हातारी पोराला वाचवाया बोलतीय. चल गं ताई."

आरती जागची हलली नाही.

"घाटावरनं आल्यावर आत्याबाईंचं लुगडं मी धुतलं," ती हळूहळू, एकेक शब्द शोधत म्हणाली. "पदराला मासळीचा वास व्हता. दोनदा साबन लावला. मला वाटलं, नदीचा असंल."

ती पिकअपपाशी गेली आणि स्वतःच पेटी खाली ओढायला लागली. पेटी जड होती, तिच्या पायावर आदळली. भाऊ "अगं, अगं" करत पुढं आला. ती त्याच्याकडं न बघता चांगदेवपुढं गेली, पदर पुढं घेतला आणि त्याच्या वाकड्या पावलांवर डोकं ठेवलं.

"दादा, माझ्यामुळं झालं समदं. घरात चला." लंकाबाईनं तोंडात पदर कोंबला. तेजस्विनी धावत येऊन चांगदेवच्या हाताला लोंबकळली. त्या अंगणात इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी जिवावरचा दगड उतरला होता, आणि पिकअपजवळचा तो भाऊसुद्धा नाक पुसत होता.

चांगदेव मात्र कुणाकडं बघत नव्हता. तो आईकडं बघत होता.

"आये, बोंबील तू माझ्या बोलन्याआदी टाकलास का नंतर?"

"तू बोलतच व्हतास, बाळा."

"अन कावळा?"

"लगीच आला. मी हात मागं घ्यायच्या आत."

"त्यानं पिंडाला चोच लावली का?"

ठमाबाईनं आठवून बघितलं. तिला आता खोटं बोलायचं नव्हतं.

"बोंबील उचलला अन उडाला. पिंडाला काय लागलं न्हाई. माझी नजर त्याच्यावरच व्हती."

चांगदेवनं मान हलवली. तेजस्विनीच्या हातातून त्यानं आपला हात सोडवून घेतला, खांद्याची पिशवी काढली, आणि पाय वाकत नसल्यानं हातांवर भार देत अंगणातच खाली बसला. आरती "दादा, चला ना" म्हणत होती. घराचं दार उघडं होतं. आतल्या खोलीचंही उघडं होतं.

"म्हंजी त्यानं पिंड घेतलाच न्हाई," तो म्हणाला. "मी पालथा पडून रडत व्हतो, अन त्यानं माझं आयकलंच न्हाई, आये?"

ठमाबाईला ठाऊक होतं तेवढं सगळं ती सांगून बसली होती.